जावेचं विरजण

केतकी आवटीनं औषधाचं विरजण लावलं, ही गोष्ट पुढं शास्त्रज्ञांच्या परिषदांमध्ये फार गंभीर चेहऱ्यांनी सांगितली गेली. मिरजेतल्या कुठल्याही बाईला विचारलं असतं तर तिला त्यात नवल वाटलं नसतं. चांगली गोष्ट संपत आली की चमचाभर राखायची आणि दुधात घालायची, एवढं तर सातवीतल्या पोरीलाही कळतं. शास्त्रज्ञांना ते सुचलं नाही, कारण त्यांच्या घरी दही डब्यातून येत होतं.

आवटी बंधूंचे दोन फ्लॅट एकाच इमारतीत होते. थोरला शिवानंद आणि त्याची बायको केतकी तिसऱ्या मजल्यावर, धाकटा विरूपाक्ष आणि गिरिजा दुसऱ्यावर. जावाजावांचं बरं होतं. म्हणजे भांडण नव्हतं, आणि गळ्यात गळाही नव्हता. केतकी ज्युनियर कॉलेजात जीवशास्त्र शिकवायची, गिरिजा घरून कुठल्याशा कंपनीचे हिशेब बघायची. ती केतकीला अक्का म्हणायची आणि सणावारी पुरणपोळीचं ताट वर पाठवायची, तेवढंच.

मग एका दुपारी खाली पार्किंगमध्ये चार्जिंगला लावलेल्या स्कूटरच्या बॅटरीनं पेट घेतला. गिरिजाची तीन वर्षांची इरा शेजारच्या स्कूटरवर बसून हॉर्न वाजवत होती. केतकी भाजी घेऊन येत होती. तिनं पिशवी टाकली, पोरीला उचललं, तिचं तोंड आपल्या छातीशी दाबलं आणि धुरातून बाहेर आली. इराची एक भुवई जळाली. केतकीचा डावा गाल, मान, खांदा आणि छातीचा वरचा भाग होरपळला.

जखमा भरल्या, पण भरायच्या थांबल्याच नाहीत. कातडी सपाट झाली, मग वर आली, मग दोरखंडासारखी जाड, लाल, चकचकीत झाली आणि जखमेच्या बाहेरच्या चांगल्या कातडीवरही पसरायला लागली. मान डावीकडं ओढली गेली. दिवसभर खाज सुटायची आणि खाजवलं तर बोटांना कळायचं, मानेला कळायचं नाही. दोनदा ते कापून काढलं आणि दोन्ही वेळा पहिल्यापेक्षा मोठं उगवलं. डॉक्टर त्याला केलॉइड म्हणायचे. गिरिजा त्याला काहीच म्हणायची नाही. ती रोज डबा घेऊन वर यायची आणि केतकीच्या उजव्या बाजूलाच बसायची.

लोकांना वाटायचं, केतकी फार सोसते. तसं काही नव्हतं. तिला काही वाटतच नव्हतं. कॉलेज सोडलं त्याचं वाईट वाटलं नाही, इरा वाचली त्याचा आनंदही कधी झाला नाही. शिवानंद भला माणूस होता, पण तो बोलताना तिच्या कपाळाकडं बघायचा आणि रात्री भिंतीकडं तोंड करून झोपायचा. त्याचाही तिला राग येत नव्हता. मानेसारखंच आतही काहीतरी जाड होऊन बसलं होतं.

डॉ. निलोफर मुजावर भेटल्या त्या अशा वेळी. बाई मिरजेच्याच, पण बारा गावचं पाणी प्यालेल्या, आणि केतकी शिक्षिका आहे कळल्यावर त्यांनी तिला सगळं नीट समजावून सांगितलं. जखम झाली की शरीर तिथं कोलॅजनचे धागे घालून ठिगळ लावतं. धागे विणणाऱ्या पेशींना कधी सुरू व्हायचं ते बरोबर कळतं. कधी थांबायचं ते मात्र रक्तातून येणाऱ्या निरोपांवर अवलंबून असतं, आणि त्यातले बरेच निरोप आतड्यातून निघतात. आपण जे खातो त्यातला आपल्याला न पचणारा भाग तिथले जंतू खातात आणि त्यातून बारीकसारीक आम्लं बाहेर टाकतात. ती रक्तात मिसळून थेट कातडीपर्यंत पोचतात. कुणाच्या पोटातले जंतू ‘पुरे’ म्हणणारी आम्लं भरपूर करतात, तर कुणाच्या पोटातले ‘आणखी विणा, आणखी विणा’ असा धोशा लावतात.

‘तुमच्या पोटातले दुसऱ्या जातीचे आहेत, केतकीताई,’ मुजावर म्हणाल्या होत्या. ‘मानेवर कितीही सुऱ्या चालवल्या तरी हुकूम पोटातूनच सुटतोय.’

उपाय म्हणून त्यांच्या गटानं एक जंतू घडवला होता. तो ‘पुरे’ हा निरोप इतरांच्या कितीतरी पट जोरात पाठवायचा. कॅप्सूलमधून तो पोटात सोडायचा. पळून जाऊ नये म्हणून त्याला एका खास अन्नघटकावाचून जगता येणार नाही अशी सोय केली होती आणि तो घटक फक्त कॅप्सूलमध्येच होता. कॅप्सूल बंद झाल्या की काही आठवड्यांत जंतू मरणार. माती, गटारं, नदीचं पाणी, कारखान्यातलं डबाबंद दही, सगळ्यात तो सोडून बघितला होता आणि सगळीकडं तो मेला होता.

केतकी चाचणीत नाव घालून आली. आवटींच्या संडासात एक यंत्र बसवलं गेलं, ते रोज सकाळी पोटातली खबर परस्पर प्रयोगशाळेला पाठवायचं. शिवानंद पुढचे कितीतरी महिने घरचा संडास सोडून भावाकडं जायचा. आपली खबर चुकून तिकडं गेली तर काय घ्या, असं त्याचं म्हणणं होतं.

औषध लागू पडलं. आधी खाज थांबली. मग लाली उतरली, दोर वितळल्यासारखा सपाट होत गेला, मान सरळ झाली. एके दिवशी अंघोळ करताना केतकीला मानेवरून ओघळणारं पाणी गरम लागलं. ती तांब्या हातात धरून तशीच उभी राहिली. आनंद झाला असं नाही म्हणता येणार, पण पाणी गरम आहे एवढं तिला नक्की कळलं, आणि ते जाऊ नये असं वाटलं. पुष्कळ काळानं तिला काही हवंसं वाटलं होतं.

आणि तेव्हाच कोर्स संपला. चाचणी ठरल्याप्रमाणं पूर्ण झाली, यंत्र काढून नेलं, कॅप्सूल थांबल्या. आता परिणाम किती टिकतो ते बघायचं होतं. मुजावरनी प्रामाणिकपणे सांगितलं की व्रण परत येऊही शकतो. तसं झालं तर पुढच्या चाचणीत घेऊ, पण तिला मंजुरी कधी मिळेल ते ठाऊक नाही.

केतकीकडं शेवटच्या पाकिटातल्या काही कॅप्सूल उरल्या होत्या. आणि अथणीहून, तिच्या माहेराहून आलेलं विरजण होतं. आजीच्या आधीपासून चालत आलेलं, कधी न मोडलेलं. असल्या विरजणात एक जंतू नसतो, अख्खी वस्ती असते. पिढ्यान्पिढ्या शेजारी राहून एकमेकांचं खरकटं खाऊन जगणारी. केतकीला वाटलं, डबाबंद दह्यात तो मेला असेल, त्यात एक-दोनच जाती असतात. या वस्तीत कुणीतरी त्याला लागणारं अन्न त्याच्या पानात वाढेलच की. तिनं कोमट दुधात चमचाभर विरजण घातलं, कॅप्सूल फोडून भुकटी मिसळली आणि खोल दगडी कुंड्यात ते लावलं. ते खाऊन बघितलं, उरलं त्यातलं परत लावलं. व्रण परत आला नाही.

हे कुंडं ती वेगळं ठेवायची. मुजावरनी तपासणीला बोलावलं की ती काही घेत नसल्याचं सांगायची. मुजावर तिच्या मानेवरून अंगठा फिरवून खूश व्हायच्या. औषध बंद करूनही परिणाम टिकतो, असं त्यांनी मोठ्या मासिकात लिहूनही टाकलं. केतकीनं तो लेख वाचला आणि मिटून ठेवला.

उन्हाळ्यात गिरिजाचं विरजण नासलं. ती वाटी घेऊन वर आली. साधं दही नेमकं त्या दिवशी संपलं होतं. नाही म्हणता आलं असतं, पण विरजण मागायला दारी आलेल्या बाईला रिकाम्या वाटीनं परत पाठवायची पद्धत केतकीच्या माहेरी नव्हती आणि सासरीही नव्हती. तिन्हीसांज व्हायची होती, तेवढीही सबब नव्हती. दहीच तर आहे, खाल्लं तर काय होणार आहे, असं तिनं स्वतःला सांगितलं आणि वेगळ्या कुंड्यातलं चमचाभर वाटीत घातलं.

गिरिजाचं दही फार सुरेख लागायला लागलं. मग तळमजल्यावरच्या खोतकाकू तिच्याकडून विरजण घेऊन गेल्या, खोतकाकूंकडून समोरच्या, समोरच्यांकडून त्यांची सांगलीची बहीण. पावसाळा उलटला तेव्हा बायकांच्या लक्षात यायला लागलं की इराच्या गुडघ्यावरची पडल्याची खूण गेली. कुणाच्या हनुवटीवरचा टाका गेला, कुणाच्या दंडावरची लशीची खूण गेली. कुणी त्याचं श्रेय नव्या साबणाला दिलं, कुणी नळाच्या पाण्याला. केतकी ऐकून घ्यायची.

तिचं स्वतःचं घर बदललं होतं. शिवानंद बोलताना तिच्या डोळ्यांकडं बघायला लागला. एका रविवारी त्यानं तिच्या मानेवर हात ठेवला आणि तो तिला कळला. आणि गिरिजा, जी इतका काळ उजव्या बाजूला बसायची, ती आता कुठंही बसायला लागली. केतकीसमोर तिनं पहिल्यांदा इराला धपाटाही घातला. उपकाराचं ओझं उतरलं की माणसं अशी साधी वागायला लागतात. दोघी मिळून नाटकाला गेल्या, येताना भेळ खाल्ली. गिरिजाला दिवस गेले तेव्हा तिनं नवऱ्याच्या आधी अक्काला सांगितलं.

गिरिजाला सातवा लागला होता तेव्हाची गोष्ट. केतकी जिना चढत होती, गिरिजा एक हात कमरेवर आणि एक पोटावर ठेवून हळूहळू उतरत होती. तिनं बातमी दिली की खोतकाकांना पहाटे दवाखान्यात नेलंय.

‘बारा वर्षांमागं पोटाचं ऑपरेशन झालं होतं बघा त्यांचं,’ गिरिजा म्हणाली. ‘साधी शिंक आली, अक्का, आणि जुना व्रणच उसवला. आतडं बाहेर आलं म्हणे. डॉक्टर म्हणालेत, असं कसं झालं कळंना झालंय.’

केतकीनं हं म्हटलं आणि ती वर गेली. पर्समधून किल्ली काढली, दार उघडलं, आणि आणलेली गवार निवडायला घेतली. शेंगा मोडता मोडता तिला अकरावीच्या वर्गात आपणच शिकवलेला धडा आठवत होता. व्रण एकदा झाला की झाला असं आपल्याला वाटतं, पण तसं नसतं. त्यातले धागे रोज थोडे विरतात आणि शरीर रोज नवे घालत राहतं, आयुष्यभर. पूर्वीच्या काळी महिनोन्‌महिने ताजी फळं, भाज्या न मिळालेल्या खलाशांचं हे विणकाम थांबायचं आणि वीस-वीस वर्षांपूर्वीच्या भरलेल्या जखमा पुन्हा उघडायच्या. तिनं हे उदाहरण दरवर्षी दिलं होतं आणि पोरं दरवर्षी शी म्हणाली होती.

इरा सिझेरियननं झाली होती. गिरिजाच्या गर्भाशयावर तेव्हाची शिवण होती, तिच्यावर सात महिन्यांच्या पोराचा भार होता, आणि ती रोज दुपारी दहीभात खात होती.

केतकीला घाबरायला हवं होतं. तिनं वाटही बघितली, पण भीती आली नाही. गवार निवडून झाली, तिनं ती धुतली आणि फोडणीला टाकली. फक्त मीठ दोनदा पडलं.

संध्याकाळी तिनं शिवानंदला सगळं सांगितलं. त्यानं उठून दार लावून घेतलं. मग म्हणाला की घाई करायला नको, आधी गिरिजाचं दही काहीतरी सांगून बंद करावं, चार दिवसांत औषध उतरेल आणि शिवण आपोआप धरेल. विरूला कळलं तर दोन घरांत पाणी पिणं बंद होईल. आणि खोतकाकांची पोरं काही गप्प बसणारी नव्हेत. त्याचं बोलणं वेड्यासारखं नव्हतं. केतकीनं ते ऐकलं आणि तिलाही ते सोयीचं वाटलं. ताकाला जाऊन भांडं लपवण्यात ती आता तरबेज झाली होती. पण शिवण धरेल की नाही, हे कुणी बघितल्याशिवाय कळणार नव्हतं, आणि बघणाऱ्याला सांगितल्याशिवाय तो बघणार नव्हता. सकाळी कुंडं पिशवीत घालून ती डॉ. मुजावरांकडं गेली.

मुजावरनी ऐकलं. चष्मा काढून टेबलावर ठेवला. इतके दिवस तुम्ही माझ्याशी खोटं बोलत होतात का, एवढंच त्यांनी विचारलं आणि केतकीनं होय म्हणून मान हलवली. ज्या लेखानं त्यांचं नाव झालं होतं तो त्या क्षणी कचरा झाला, हे दोघींनाही कळत होतं. मग त्यांनी फोन उचलून प्रसूतिविभागात लावला आणि दुपारच्या आत गिरिजा सोनोग्राफीच्या टेबलावर होती.

जुनी शिवण होती तिथं गर्भाशयाची भिंत कांद्याच्या पापुद्र्याएवढी उरली होती. पलीकडं बाळाचे केस दिसत होते. गिरिजाला तिथूनच चाकांच्या पलंगावरून खोलीत नेलं आणि उठायचं नाही म्हणून सांगितलं.

केतकी खोलीत गेली तेव्हा विरूपाक्ष औषधं आणायला गेला होता. तिनं उभ्यानंच सगळं सांगितलं. वर्गात शिकवावं तसं, क्रमानं. कॅप्सूल, कुंडं, वाटी, खोतकाका. आवाज कुठं अडकला नाही आणि त्याची तिला लाज वाटली.

गिरिजा छताकडं बघत होती. ‘मला विरजण दिलंत तेव्हा ठाऊक होतं, त्यात काय आहे?’

‘होतं.’

‘असं होईल हे?’

‘नाही. तेवढा विचारच केला नाही मी.’

‘शिकवत होतात की तुम्ही हेच,’ गिरिजा म्हणाली. तिनं डोळे मिटले आणि हातानं जा अशी खूण केली.

पुढं जो गोंधळ झाला त्यातला बराचसा वर्तमानपत्रांत येऊन गेला. आरोग्य खात्याची माणसं घरोघरी दही गोळा करत फिरली. भांडी उकळली, फ्रिज धुतले, सांगलीच्या बहिणीपर्यंत माग काढला. दुधानं तोंड पोळलेली माणसं ताकही फुंकून पितात म्हणतात, इथं लोकांनी ताकच सोडलं. सगळ्यांनी नाही. जिच्या मुलीच्या कपाळावरचा व्रण लग्नाच्या तोंडावर गेला होता, त्या बाईनं कुंडं पलंगाखाली लपवलं. तिला कोण काय म्हणणार? खोतकाका जाळी बसवून घरी आले. त्यांच्या पोरांनी पोलिसांत तक्रार दिली आणि ते योग्यच होतं. विरूपाक्षनं भावाशी बोलणं टाकलं. जिन्यात केतकी दिसली की तो भिंतीकडं वळून उभा राहायचा.

पण खरा पेच दवाखान्यात होता. बाळ लवकर बाहेर काढावं लागणार, म्हणजे पुन्हा तिथंच चिरावं लागणार. आणि चिरलेलं भरायला व्रण लागतो. गिरिजाच्या पोटातले जंतू तर विणकाम करू द्यायला तयार नव्हते. औषधानं त्यांचा सफाया करता येत होता, पण रिकाम्या झालेल्या आतड्यात चांगली वस्ती उभी राहायला वेळ लागतो आणि तेवढा वेळ ती पापुद्र्याएवढी भिंत देणार नव्हती. दुसऱ्या कुणाच्या पोटातली वस्ती आणून बसवणं हा एकच मार्ग होता. मुजावरनी गिरिजाच्या पेशी काचेच्या बशीत वाढवल्या आणि त्यांच्यावर निरनिराळ्या माणसांच्या रक्तातला द्रव घालून बघितला. नवऱ्याच्या द्रवावर पेशी जेमतेम हलल्या. तिच्या आईच्या, भावाच्या द्रवावरही तेच. एका बशीत मात्र त्या धागे घालत सुटल्या. तो द्रव केतकीचा होता, चाचणी सुरू व्हायच्या आधी घेतलेला.

मुजावरनी तिला बोलावून घेतलं. रागाची एक पातळ साय त्यांच्या बोलण्यावर अजून होती, पण त्यांनी काही झाकलं नाही. द्यायचं असेल तर केतकीला आधी स्वतःच्या पोटातला तो घडवलेला जंतू मारावा लागेल. तो गेला की तिचे मूळचे जंतू, जे कोपऱ्याकोपऱ्यात दबून आहेत, ते झपाट्यानं परत पसरतील. आणि ते परत पसरले की मानेवरचं, छातीवरचं सगळं परत येईल. बहुधा आधीपेक्षा वाईट. पुढच्या चाचणीचं नाव आता कुणी काढणार नव्हतं.

‘हे करा असं मी तुम्हाला सांगू शकत नाही,’ मुजावर म्हणाल्या. ‘नाही म्हणालात तर आम्ही दुसरं काहीतरी करून बघू. त्याचं काय होईल ते मला माहीत नाही.’

केतकीनं विचारलं, उपाशीपोटी यायचं का जेवून.

घरी शिवानंदनं तिच्याशी वाद घातला नाही. त्यानं तिच्या मानेकडं बघितलं, बराच वेळ बघितलं, आणि म्हणाला, ‘एकदाच तर चांगलं झालं होतं.’ मग तो गॅलरीत जाऊन उभा राहिला. केतकीला त्याची कीव आली. स्वतःची आली नाही.

जगात जावेनं जावेला काय काय दिलं असेल, साड्या, टोमणे, लोणची, पण केतकीनं गिरिजाला जे दिलं ते कुणी दिलं नसेल, आणि ज्या वाटेनं दिलं ती तर सांगायचीही सोय नाही. दवाखान्यातल्या मुली कामाच्या होत्या, त्यांनी हसू दाबून सगळं व्यवस्थित केलं. गिरिजानं कागदावर सही करताना देणाऱ्याचं नाव वाचलं. सही केली.

बाळंतपणाच्या दिवशी केतकी दवाखान्यात गेली नाही, तिला कुणी बोलावलंही नव्हतं. मुलगा झाला, जेमतेम दोन मुठींएवढा, आणि काचेच्या पेटीत ठेवला, हे तिला शिवानंदकडून कळलं. त्याला मुजावरांकडून कळलं होतं. पहिले काही दिवस गिरिजाची जखम ओलीच होती. मग तिच्या कडा धरायला लागल्या. डॉक्टर रोज सोनोग्राफी करून बघत होते, आत भिंत जाड होत होती. वर तिसऱ्या मजल्यावर त्याच दिवसांत केतकीच्या मानेला खाज सुटली. मग लाली आली. तिनं आरशावर टॉवेल टाकला नाही, रोज बघत राहिली. एका सकाळी अंघोळीचं पाणी डाव्या बाजूला गरम लागलं की गार, ते तिला सांगता येईना. तिनं उजव्या हातावर ओतून बघितलं. पाणी कढत होतं.

त्या दिवशी मात्र ती रडली, न्हाणीघरात पाटावर बसून. मानेसाठी रडली, भेळ खाल्ली त्या संध्याकाळसाठी रडली. मग पाणी निवल्यावर उठली आणि अंग पुसलं.

थंडी सरली तेव्हा एका दुपारी दाराची बेल वाजली. गिरिजा उभी होती, खांद्यावर बाळ. दोन मजल्यांमधला एक जिना चढायला तिला इतके महिने लागले होते. केतकीनं दार पूर्ण उघडलं. गिरिजा आत आली आणि सोफ्यावर केतकीच्या डाव्या बाजूला बसली. तिनं मान बघितली. दोर पहिल्यापेक्षा जाड होता आणि हनुवटीपर्यंत चढला होता. ती बघत राहिली, नजर चुकवली नाही.

‘मी काही विसरले नाही, अक्का,’ ती म्हणाली.

‘विसरू नको.’

‘विरू तर नावही काढू देत नाही. मी सांगून आलेय त्याला, जाते म्हणून.’ तिनं बाळ मांडीवर घेतलं, थोडं थांबली, आणि झगा वर केला. पोटाच्या खालच्या बाजूला आडवी, बोटभर जाडीची, लाल चकचकीत वळी उठली होती. कडा जखमेच्या बाहेर पसरायला लागल्या होत्या. केतकी ती वळी ओळखत होती. तिच्याच घराण्याची होती.

‘खाजायलंय दिवसभर,’ गिरिजा म्हणाली. ‘काय करू ते सांगा. तुम्हालाच ठाऊक असणार.’

‘खाजवू नको. तळवा ठेवून दाबून धरायचं. असं.’ केतकीनं हात पुढं केला आणि मध्येच थांबवला. गिरिजानं तो धरून स्वतःच्या पोटावर टेकवला. वळी टणक होती, गरम होती. केतकीनं तळवा दाबून धरला.

‘घट्ट आहे ना?’ गिरिजानं विचारलं.

‘घट्ट आहे.’

‘हे जाणार का कधी?’

‘नाही गं. माझं आहे ते. जात नाही.’

‘मग बरंय,’ गिरिजा म्हणाली. तिनं झगा खाली केला आणि आत जाऊन पाणी पिऊन येते म्हणून उठली. उठताना बाळाला काय करायचं याचा तिनं क्षणभर विचार केला. मग तिनं ते केतकीच्या हातात दिलं.

केतकीनं त्याला डाव्या खांद्यावर घेतलं. त्यानं मानेत तोंड खुपसलं, त्याचं डोकं हलताना तिला दिसत होतं, पण कळत काहीच नव्हतं. तिनं त्याला उचलून उजव्या खांद्यावर घेतलं.